सरकारी थैलीचा कारभारी : विल्यम ग्लॅडस्टन

ज्या ज्या गांवीं मंडळीची थैली आहे, त्या त्या गांवीं वर्षअखेरीस एक प्रसंग येतोच. थैली सांभाळणारा भाऊ हातांत कागद घेऊन उभा राहतो, आणि जमा किती, खर्च किती व शिल्लक किती हें सर्वांदेखत वाचून दाखवितो. मग मागच्या बाजूनें कोणी वृद्ध बाई विचारते कीं, कौलांचे इतके पैसे कसे झाले? त्या बाईनें वर्षभर मूठ मूठ दाणे वेगळे काढून दिलेले असतात. तिला विचारण्याचा हक्क असतो. परंतु ज्यास विचारलें त्यास तो प्रश्न टोंचतो. चांगलीं चांगलीं माणसें अशा वेळीं रुसून थैली टाकून देतात, हें आम्हीं पाहिलें आहे. आज आम्ही ज्यांचें चरित्र सांगणार आहों, त्यांनीं हाच प्रश्न एका मोठ्या राज्याच्या खजिन्यास दरसाल विचारला जावा अशी कायद्यानें व्यवस्था लाविली. आणि पुढें एके वर्षीं तो प्रश्न त्यांच्याच मंत्रिमंडळावर येऊन आदळला. इंग्लंडचे चार वेळां मुख्य प्रधान झालेले विल्यम यूअर्ट ग्लॅडस्टन यांची ही हकीकत आहे.

ग्लॅडस्टन यांचा जन्म २९ डिसेंबर १८०९ रोजीं लिव्हरपूल बंदरांत झाला. त्यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन हे मूळचे स्कॉटलंडचे. धान्याच्या व्यापारांत त्यांनीं पैसा मिळविला, आणि नंतर तो वेस्ट इंडीजकडील उसाच्या मळ्यांत घातला. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर डेमेरारा नांवाचा इंग्रजांचा मुलूख होता; आज तो गयाना देशांत मोडतो. तेथें त्यांचे मळे होते, व त्या मळ्यांवर गुलाम राबत. जॉन साहेबांनीं तो मुलूख स्वतः कधीं पाहिला नाहीं. घरीं मात्र मोठी धर्मनिष्ठा होती. लिव्हरपूल येथें त्यांनीं आपल्या खर्चानें उपासनामंदिर बांधून दिलें.

१८२३ च्या ऑगस्ट महिन्यांत डेमेराराच्या गुलामांनीं बंड केलें. त्याचा आरंभ सक्सेस नांवाच्या मळ्यावर झाला, आणि हा मळा जॉन ग्लॅडस्टन यांचाच होता. त्या मळ्यावरील क्वामिना नांवाचा सुतार हा जवळच्या मंडळीचा डीकन होता, व लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन स्मिथ हे त्या मंडळीचे पाळक होते. रक्तपात करूं नका असें क्वामिना आपल्या लोकांस सांगत होता. तरी त्यास गोळी घालून ठार केलें, व त्याचें प्रेत सक्सेस मळ्यासमोर सांखळ्यांनीं टांगून ठेविलें. स्मिथ साहेबांस लष्करी न्यायसभेनें मृत्यूची शिक्षा सांगितली. ती माफ झाल्याचा हुकूम पोंहोंचण्यापूर्वींच १८२४ सालीं ते तुरुंगांत वारले. त्या वेळीं विल्यम ईटनच्या प्रसिद्ध शाळेंत शिकत होते. शाळेचा खर्च कोणत्या पैशानें चालला होता, हें वाचकांस सांगावयास नको.

ऑक्सफर्ड येथें त्यांनीं ग्रीक व लॅटिन ह्या प्राचीन विद्या आणि गणित अशा दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळविला. पाळक व्हावें असा त्यांचा विचार होता. वडिलांची इच्छा त्यांनीं राज्यकारभारांत पडावें अशी होती, व तीच शेवटास गेली. १८३२ च्या डिसेंबरांत, तेविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ते न्यूआर्क गांवाकडून पार्लमेंटांत निवडून आले. त्या गांवांत न्यूकॅसलच्या ड्यूकचें वजन मोठें होतें, व त्यांच्या भाडेकऱ्यांनीं कोणास मत द्यावें हें ते स्वतः पाहत. म्हणजे पुढें ज्या वशिल्याच्या मार्गांवर ग्लॅडस्टन यांनीं घाव घातले, त्याच मार्गानें ते आंत आले.

गुलामांचे मालक व साखरेचे व्यापारी यांनीं लंडनांत आपला संघ केला होता. पार्लमेंटांत आपल्या बाजूचे सभासद बसवावे, मंत्र्यांकडे खेपा घालाव्या, पत्रकें छापावीं, असें त्यांचें काम चाले. १८३३ सालीं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा पुढें आला, तेव्हां जॉन ग्लॅडस्टन यांच्या फ्रीड-एन-होप नांवाच्या मळ्यावरील व्यवस्थापक गुलामांस मरेतों राबवितो, असा आरोप कॉमन्स सभेंत झाला. त्यास उत्तर देण्यास तरुण विल्यम उभे राहिले. त्यांचें पहिलें मोठें भाषण तें हेंच. गुलामांस हळूहळू मोकळें करावें, आणि मालकांस नुकसानभरपाई मिळावी, अशी त्यांची भूमिका होती. भरपाई मिळाली. सरकारनें मालकांस २ कोटी पौंड दिले. ही रक्कम सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारें दोन पंचमांश होती. त्यांतून जॉन ग्लॅडस्टन यांच्या वांट्यास सुमारें अडीच हजार माणसांबद्दल १ लाख ६ हजार पौंडांहून अधिक आले. मोकळ्या झालेल्या माणसांस एक पैही मिळाली नाहीं. उलट त्यांस १८३८ पर्यंत उमेदवार ह्या नांवाखालीं जुन्याच मालकांकडे राबावें लागलें. मग मजूर कमी पडतील म्हणून जॉन साहेबांनीं कलकत्त्याच्या एका पेढीस पत्र लिहिलें, आणि १८३८ सालीं हिंदुस्थानचे मजूर भरून दोन जहाजें तिकडे गेलीं. करारानें परमुलुखांत जाणाऱ्या आपल्या देशबांधवांच्या दुःखाचा एक आरंभ तेथें आहे.

हें सर्व आम्ही मुद्दाम विस्तारानें सांगितलें. थोरांचीं चरित्रें लिहितांना त्यांची धुतलेली बाजू तेवढी दाखविण्याची रीत आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. सार्वजनिक पैसा थोड्या बलवान लोकांच्या खिशांत कसा जातो, हें ग्लॅडस्टन यांनीं कोठें दूर पाहिलें नव्हतें. तें त्यांच्या घरांत घडलें होतें.

लहानपणापासून त्यांस एक संवय होती. रोज रात्रीं दैनंदिनीची वही उघडून दिवस कसा गेला, काय वाचलें, कोणास पत्रें लिहिलीं, हें ते थोडक्यांत टिपून ठेवीत. वेळ हा देवाचा ठेवा आहे, त्याचा हिशोब द्यावा लागेल, अशी त्यांची समजूत होती. सुमारें सत्तर वर्षें ही वही चालली. १८३९ सालीं त्यांचा विवाह कॅथरीन ग्लिन यांच्याशीं झाला. कॅथरीनबाईंच्या भावाची हॉवर्डन येथील जहागीर लोखंडाच्या एका कारखान्यांत गुंतली होती, व १८४७ सालीं तो कारखाना बुडाला. कर्ज फेडून जहागीर वांचविण्याचें काम ग्लॅडस्टन यांच्या गळ्यांत पडलें. कित्येक वर्षें त्यांनीं सावकार, वकील व खतावण्या यांत घालविलीं. खजिन्याचें काम आपण त्या दिवाळ्यांत शिकलों, असें ते पुढें सांगत.

१८५२ च्या अखेरीस ते खजिन्याचे मंत्री झाले, आणि १८ एप्रिल १८५३ रोजीं त्यांनीं पहिला अर्थसंकल्प पार्लमेंटापुढें मांडला. पावणेपांच तास ते बोलत होते. त्या काळीं सरकारी नोकऱ्या कशा मिळत हें सांगितल्यास वाचकांस नवल वाटणार नाहीं. कोणा मोठ्याचा पुतण्या, कोणा मतदाराचा जांवई, अशांची भरती होई. काम येवो वा न येवो. ग्लॅडस्टन यांनीं सर स्टॅफर्ड नॉर्थकोट व सर चार्ल्स ट्रेव्हेलियन ह्या दोघांस चौकशीस बसविलें. ट्रेव्हेलियन यांनीं तरुणपणीं बंगालकडे नोकरी केली होती. नोकऱ्या परीक्षा घेऊन गुणांवर द्याव्या, असें त्यांनीं १८५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत सुचविलें. वशिला ज्यांच्या हातीं होता ते खवळले, व अहवाल बरींच वर्षें पडून राहिला.

१८५९ पासून १८६६ पर्यंत ते पुन्हां खजिन्यावर होते. ह्याच वर्षांत त्यांच्या हातून टिकाऊ कामें झालीं. १८६१ सालीं कागदावरील कर उठला, त्यामुळें वर्तमानपत्रें व पुस्तकें गरिबांच्या आवांक्यांत आलीं. त्याच सालीं पोस्टाची बचत पेढी निघाली. एक शिलिंग हातांत असला तरी मोलकरणीनें तो नेऊन पोस्टांत ठेवावा, आणि त्याची जबाबदारी सरकारनें घ्यावी, अशी ही सोय होती. आपल्या गांवच्या पोस्टांत जें बचतीचें पुस्तक मिळतें, तें त्याच वंशांतलें आहे.

आणि १८६१ सालींच कॉमन्स सभेनें लोकलेखा समिती नेमिली. तिच्या पाठोपाठ १८६६ चा हिशोबतपासणीचा कायदा झाला. ह्या कायद्याचें मर्म थोडें समजून घ्यावें. पूर्वीं पार्लमेंट पैसा मंजूर करी. परंतु खात्यांनीं तो त्याच कामीं लाविला कीं नाहीं, हें बहुतेक खात्यांच्या बाबतींत पार्लमेंटास नीट कळत नसे. दिलें तें गेलें! आतां नियम असा झाला कीं, मंजुरीवांचून खजिन्यांतून पैसा निघावयाचा नाहीं. निघाला त्याचा जमाखर्च प्रत्येक खात्यानें दरसाल मांडावयाचा. आणि तो जमाखर्च नियंत्रक व महालेखापरीक्षक ह्या अधिकाऱ्यानें पावत्यांशीं ताडून पाहून पार्लमेंटास कळवावयाचा. हा अधिकारी मंत्र्यांचा नोकर नव्हे. त्याचा पगार मंत्र्यांच्या मर्जीवर ठेविला नाहीं, व पार्लमेंटाच्या दोन्ही सभांनीं मागणी केल्यावांचून त्यास काढतां येत नाहीं. त्याचें लिहिणें घेऊन लोकलेखा समिती खात्यांच्या मुख्यांस समोर बसविते व विचारते. ह्या समितीचा अध्यक्ष विरुद्ध पक्षाचा असावा, अशी पुढें रीत पडली. ज्यानें खर्च केला त्यानेंच हिशोब तपासावा ही गोष्ट गांवच्या चावडीवरही कोणी चालूं देणार नाहीं. परंतु तेवढी साधी गोष्ट कायद्यांत आणण्यास शेंकडों वर्षें लागलीं.

काटकसरीपायीं त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. मेणबत्तीचे तुकडे मोजणारा मंत्री, असें लोक म्हणत. त्यांस त्याचें वाईट वाटत नसे. लहान रकमेकडे जो पाहत नाहीं, त्याच्या हातून मोठी रक्कमही निसटते, असें त्यांचें मत होतें.

१८६८ सालीं ते मुख्य प्रधान झाले. मग राहिलेलीं कामें भराभर झालीं. १८७० सालीं सरकारी नोकऱ्यांस खुली परीक्षा लागली. परराष्ट्र खातें मात्र तीतून सुटलें. १८७१ सालीं फौजेंतील अंमलदारांच्या जागा विकत घेण्याची चाल बंद झाली. १८७२ सालीं गुप्त मतदान आलें. तोंवर मतदारानें उघड उभें राहून मत सांगावयाचें, आणि जमीनदार तें ऐकत असावयाचा, असा प्रकार होता.

आतां १८७३ सालची गोष्ट. बचत पेढीची योजना उभारतांना ग्लॅडस्टन यांस फ्रँक स्कुडामोर नांवाच्या पोस्ट खात्यांतील एका अधिकाऱ्याची फार मदत झाली होती. हा मनुष्य हुशार, उद्योगी व हातानें स्वच्छ होता. १८७० सालीं तारायंत्रें खासगी कंपन्यांकडून सरकारनें घेतलीं, तेव्हां तेंही काम त्याच्याकडेच आलें. खेड्याखेड्यांत तार न्यावी असा त्यास ध्यास लागला. मंजूर रक्कम अपुरी पडली. पार्लमेंटाकडे पुन्हां मागावयास जावें, तर वेळ जाणार व प्रश्न विचारले जाणार. जवळच पोस्टाच्या तिजोरींत बचत पेढीचा व इतर पैसा पडलेला होता. त्यानें तो उचलून तारांच्या कामीं घातला. अशा रीतीनें मंजुरीवांचून ८ लाख पौंडांहून अधिक रक्कम खर्च झाली. त्यांतील एक पेनीही स्कुडामोर यानें स्वतःसाठीं घेतली नाहीं. तारा खऱ्या उभ्या राहिल्या होत्या, व लोकांस त्यांचा उपयोगही होत होता.

महालेखापरीक्षकांच्या कचेरीनें व लोकलेखा समितीनें ही गोष्ट उजेडांत आणिली. पेढी ग्लॅडस्टन यांनीं काढलेली, अधिकारी त्यांच्या विश्वासांतला, मंत्रिमंडळ त्यांचें, आणि पकडणारा कायदाही त्यांचाच. पैसा सत्कार्यास लागला, कोणी खाल्ला नाहीं, तेव्हां झाकून घ्यावें, असें म्हणणें कठीण नव्हतें. मंडळ्यांच्या पंचांतही असें म्हणणारे आम्हीं ऐकले आहेत. परंतु तो पैसा मोलकरणींचा व मजुरांचा होता. तारेसाठीं द्या म्हणून त्यांनीं तो ठेविला नव्हता, आणि पार्लमेंटानेंही तो त्या कामास दिला नव्हता. खजिन्याचे मंत्री रॉबर्ट लो यांस ती जागा सोडावी लागली. परीक्षेनें नोकऱ्या देण्याच्या कामीं ह्याच लो यांनीं फार जोर लाविला होता. पोस्ट खात्याचे मंत्रीही त्या सालीं गेले. खजिन्याचें काम ग्लॅडस्टन यांनीं मुख्य प्रधान असतांनाच आपल्या शिरावर घेतलें. सरकारची अब्रू मात्र गेली ती गेलीच. १८७४ च्या आरंभीं झालेल्या निवडणुकींत त्यांचा पक्ष हरला. त्यास दुसरींही कारणें होतीं. स्कुडामोर यानें १८७५ सालीं नोकरी सोडली व तो तुर्कस्तानच्या पोस्ट खात्याकडे गेला. त्याच्याविषयीं आम्हांस कींव वाटते. तथापि ज्या दिवशीं चांगल्या माणसास चांगल्या कामासाठीं हिशोब माफ होतो, त्याच दिवशीं वाईट माणसास रस्ता सांपडतो. म्हणून समितीनें केलें तें योग्यच केलें असें आम्ही समजतों.

१८८० सालीं ते पुन्हां मुख्य प्रधान झाले. त्या निवडणुकींत दोन्हीकडून पाण्यासारखा पैसा ओतला गेला होता, मतदारांस दारू पाजली गेली होती. १८८३ सालीं त्यांच्या सरकारनें निवडणुकींतील लांचलुचपत बंद करण्याचा कडक कायदा केला. उमेदवारानें किती खर्च करावा यास मर्यादा घातली, व खर्चाचा हिशोब देणें सक्तीचें केलें. पुढच्या निवडणुकींपासून खर्च पुष्कळ उतरला.

परंतु ह्याच कारकीर्दींत एक डाग आहे. १८८२ सालीं इंग्रजी आरमारानें ईजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरावर तोफा डागल्या, व सप्टेंबरांत फौजेनें तो देश हस्तगत केला. मंत्रिमंडळांतील जॉन ब्राइट यांनीं हें अन्यायाचें आहे म्हणून राजीनामा दिला. त्या वेळीं ग्लॅडस्टन यांच्या स्वतःच्या रोख्यांपैकीं एक तृतीयांशाहून अधिक रक्कम ईजिप्तच्या कर्जांत गुंतलेली होती. देश हातीं आल्यावर त्या रोख्यांची किंमत चढली. ही गोष्ट तेव्हां लोकांस ठाऊक नव्हती; दैनंदिन्या व खासगी हिशोब अभ्यासकांनीं विसाव्या शतकांत छापले तेव्हां ती कळली. रोख्यांसाठीं त्यांनीं लढाई केली असें आम्ही म्हणत नाहीं, तसा पुरावा नाहीं. परंतु दुसऱ्याच्या मेणबत्त्या मोजणाऱ्या ह्या पुरुषानें सहकाऱ्यांपुढें आपला कागद ठेवावयास हवा होता. तसा नियम त्या काळीं नव्हता. सभासदांनीं आपले आर्थिक संबंध नोंदवहींत लिहावे असा ठराव कॉमन्स सभेनें केला, तो १९७४ सालीं.

ईजिप्तच्या स्वारीवर हिंदुस्थानी फौजही नेली होती, आणि तिच्या खर्चाचा बराच भाग हिंदुस्थानच्या खजिन्यावर टाकला गेला. ग्लॅडस्टन यांनींच पाठविलेले व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें हरकत घेतली, तरी सर्व भार उतरला नाहीं. इंग्लंडच्या करदात्याचा एक शिलिंग जपणारे हात आमच्या शेतकऱ्याच्या साऱ्याविषयीं इतके सैल कसे झाले? उत्तर उघड आहे. इंग्लंडच्या करदात्यास पार्लमेंटांत विचारणारा कोणी होता. आमच्या शेतकऱ्यास नव्हता. १८९५ सालीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यास लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें. हे वेल्बी साहेब खजिन्याच्या कचेरींत ग्लॅडस्टन यांच्या हाताखालीं तयार झालेले. दादाभाई नौरोजी त्या कमिशनचे सभासद होते. १८९७ च्या एप्रिलांत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील तीस वर्षांचे प्रोफेसर गोपाळ कृष्ण गोखले लंडनास जाऊन त्यांच्यापुढें साक्षीस बसले, आणि ज्यांचा पैसा खर्च होतो त्यांचा त्या खर्चावर कांहींच ताबा नाहीं, हें त्यांनीं आंकड्यांनिशीं दाखविलें. हिंदुस्थानांत लोकलेखा समिती आली ती १९२१ सालीं. आज भारताच्या राज्यघटनेच्या १४८ व्या कलमानें नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमला जातो, आणि १९६७ पासून दिल्लीच्या समितीचें अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सभासदाकडे देण्याची वहिवाट आहे.

ग्लॅडस्टन यांचें शेवटचें भांडणही खर्चाचेंच. चौऱ्यायशींव्या वर्षीं ते चौथ्यांदा मुख्य प्रधान असतांना आरमार वाढविण्यासाठीं मोठी रक्कम मागण्यांत आली. मंत्रिमंडळांतील बहुतेक सर्व एकीकडे व ते दुसरीकडे, अशी स्थिति झाली. डोळे व कान दोन्ही थकले होते. १८९४ च्या मार्चांत त्यांनीं राजीनामा दिला. अर्लची पदवी त्यांनीं पूर्वींच नाकारली होती. मग ते हॉवर्डन येथें राहिले. झाडें तोडण्याचा त्यांस मोठा छंद असे, तो वयानें सुटला. पुस्तकांचा सुटला नाहीं. सामान्य वाचकांसाठीं त्यांनीं तेथें ग्रंथालय स्थापिलें, त्यास ४० हजार पौंड दिले, आणि आपल्या घरचीं हजारों पुस्तकें हातगाडीवर घालून तेथें पोंहोंचविण्याच्या कामीं ते स्वतः राबले. १९ मे १८९८ रोजीं, स्वर्गारोहणाच्या दिवशीं, ते वारले. वेस्टमिन्स्टरच्या मंदिरांत त्यांस पुरलें, व १९०० सालीं कॅथरीनबाईंसही त्याच कबरेंत ठेवण्यांत आलें.